वीरगळ, बारव आणि दोन मोठे फोन: गॅलॅक्सी एस२५ अल्ट्रा व आयफोन १६ प्रो मॅक्स

देवळाच्या आवारात भिंतीला टेकवून ठेवलेल्या वीरगळाचे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ कोरलेल्या शिळेचे, छायाचित्र घेणे वरवर पाहता सोपे काम आहे. दगड हलत नाही, उजेड भरपूर असतो आणि कोणाला घाई नसते. प्रत्यक्षात मात्र काळ्या बेसॉल्टवरचे झिजलेले कोरीवकाम, त्यावर चढलेले शेंदराचे किंवा ऑइलपेंटचे थर, डोक्यावरचे ऊन आणि मागे सरकायला जेमतेम चार पावलांची जागा अशा परिस्थितीत घेतलेले छायाचित्र घरी येऊन पाहिले, की सर्वांत खालच्या चौकटीतले युद्ध दिसते, पण वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा वीर नेमका धूसर आलेला असतो. गेले काही महिने सुट्टीच्या दिवशी मी आणि माझी भाची सातारा व पुणे जिल्ह्यांतील वीरगळ, बारवा (पायऱ्यांच्या विहिरी) आणि शिलालेख यांची नोंद करत हिंडतो. माझ्याकडे सॅमसंगचा गॅलॅक्सी एस२५ अल्ट्रा आहे आणि तिच्याकडे अ‍ॅपलचा आयफोन १६ प्रो मॅक्स. एकाच दगडासमोर, एकाच उजेडात हे दोन फोन शेजारी धरण्याची संधी त्यामुळे वारंवार मिळाली. पुढील तुलना या कामाच्या अंगाने केलेली आहे. खेळ खेळण्यासाठी किंवा मालिका पाहण्यासाठी कोणता फोन चांगला, हा प्रश्न मी इथे घेतलेला नाही.

मोठ्या फोनच्या बाबतीत या दोन कंपन्यांची वाट पूर्वी अगदी वेगळी होती. हातात नीट न मावणारा फोन कोणी विकत घेणार नाही, असे स्टीव्ह जॉब्स यांनी २०१० मध्ये जाहीरपणे म्हटले होते. सॅमसंगने त्याच्या पुढच्याच वर्षी ५.३ इंची पडद्याचा आणि लेखणी असलेला गॅलॅक्सी नोट बाजारात आणला, तर अ‍ॅपलचा पहिला खऱ्या अर्थाने मोठा फोन, आयफोन ६ प्लस, यायला २०१४ उजाडले. आज मात्र मोजपट्टी लावली तर दोघांत नखभरही अंतर उरलेले नाही. दोन्ही पडदे ६.९ इंची आहेत. दोन्ही फोनची रुंदी ७७.६ मिलिमीटर आहे. आयफोनची उंची १६३ मिलिमीटर आणि सॅमसंगची १६२.८, जाडी अनुक्रमे ८.२५ आणि ८.२. दोघांची चौकटही टायटॅनियमचीच आहे. फरक आहे तो वजनात: आयफोन २२७ ग्रॅमचा, तर सॅमसंग २१८ ग्रॅमचा. नऊ ग्रॅम ही क्षुल्लक गोष्ट वाटेल, पण हात उंच करून देवळाच्या छतावरचे नक्षीकाम टिपताना ते नऊ ग्रॅम मनगटाला कळतात. उलट, तळहातात धरून तासभर चालायचे असेल तर आयफोनच्या कडांची किंचित गोलाई अधिक सुखाची आहे. सॅमसंगने मागील अल्ट्राच्या मानाने कोपरे गोल केले असले तरी त्याच्या बाजू सपाट आहेत आणि त्या बोटांना जाणवतात.

पडद्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण उन्हात काम करणाऱ्याला कॅमेऱ्याइतकेच महत्त्व पडद्याला द्यावे लागते. आकड्यांत पाहिले तर आयफोनचा पडदा उन्हात २००० निट्सपर्यंत (निट हे पडद्याचा उजेड मोजण्याचे एकक) आणि सॅमसंगचा २६०० निट्सपर्यंत उजळतो. मात्र या उजेडापेक्षा मोठा फरक काचेमुळे पडतो. एस२५ अल्ट्राच्या गोरिला आर्मर २ या काचेवर प्रतिबिंब रोखणारा थर आहे. दुपारी बारा वाजता फरसबंद अंगणात उभे राहिल्यावर आयफोनच्या पडद्यात पाहणाऱ्याचा चेहरा, आकाश आणि मागचा कळस स्पष्ट दिसतो, तर सॅमसंगच्या पडद्यात समोरचा दगड दिसतो. शिलालेखाचे छायाचित्र घेतल्यावर अक्षरे नीट उमटली आहेत की नाहीत, हे जागेवरच मोठे करून पाहावे लागते, आणि त्या क्षणी ही काच अक्षरशः काम वाचवते. दुकानातून फोन घेताना मात्र एक खबरदारी हवी. फोन खोक्यातून बाहेर काढला, की काउंटरवरचा मुलगा आपुलकीने विचारतो, “काका, टेम्पर्ड ग्लास लावून देऊ?” आणि आपण सवयीने होकार देतो. साधी चकचकीत काच वर बसली, की खालच्या थराचा फायदा जवळजवळ संपतो आणि ज्या गोष्टीसाठी पैसे मोजले तीच झाकली जाते. संरक्षण हवेच असेल तर प्रतिबिंबरोधक गार्ड मागून घ्यावा.

आता छायाचित्रांकडे वळू. वीरगळ साधारणपणे तीन ते पाच फूट उंचीचा असतो. साध्या लेन्सने जवळ जाऊन त्याचे चित्र घेतले तर मधला भाग फुगतो आणि वरची चौकट मागे झुकल्यासारखी दिसते. उभ्या शिळेच्या बाजू समांतर यायच्या असतील तर थोडे मागे सरकून मध्यम पल्ल्याची लेन्स वापरावी लागते. इथे सॅमसंगची बाजू मजबूत आहे. त्याच्या पाठीवर २०० मेगापिक्सेलचा मुख्य कॅमेरा, ५० मेगापिक्सेलचा अतिविस्तृत कॅमेरा, तिप्पट जवळ आणणारा १० मेगापिक्सेलचा आणि पाचपट जवळ आणणारा ५० मेगापिक्सेलचा, असे चार कॅमेरे आहेत. आयफोनमध्ये ४८ मेगापिक्सेलचे मुख्य व अतिविस्तृत कॅमेरे आणि पाचपट जवळ आणणारा १२ मेगापिक्सेलचा, असे तीन आहेत. म्हणजे आयफोनमध्ये मुख्य सेन्सरच्या मधल्या भागातून मिळणारे दुप्पट आणि नंतर एकदम पाचपट, अशी उडी आहे. मधल्या अंतरासाठी तो मुख्य कॅमेऱ्याचेच चित्र कापून मोठे करतो. पाचपट लेन्सने अख्खी शिळा चौकटीत बसवायची तर पुष्कळ मागे जावे लागते, आणि गावातल्या देवळाच्या आवारात मागे तुळशीवृंदावन, दीपमाळ किंवा पाण्याची टाकी असतेच. सॅमसंगचा तिप्पट कॅमेरा केवळ १० मेगापिक्सेलचा आहे आणि संध्याकाळी त्याची चित्रे भरड येतात, तरीही दिवसाउजेडी वीरगळासाठी माझा हात सर्वाधिक वेळा त्याच्याकडेच जातो. वाई तालुक्यातील किकली येथील भैरवनाथ मंदिराच्या परिसरात वीरगळ इतक्या संख्येने आणि इतके जवळजवळ आहेत, की तिथे या लेन्सची किंमत कळते.

२०० मेगापिक्सेलच्या आकड्याविषयी बराच गैरसमज आहे. नेहमीच्या छायाचित्रात सॅमसंग सोळा बारीक बिंदू एकत्र करून एक मोठा बिंदू घडवतो आणि साधारण १२ मेगापिक्सेलचे चित्र देतो. पूर्ण २०० मेगापिक्सेल हवे असतील तर तसा पर्याय मुद्दाम निवडावा लागतो. भर उजेडात, फोन तिवईवर घट्ट बसवून घेतलेल्या अशा चित्रात सतीशिळेवरच्या (सती गेलेल्या स्त्रीच्या स्मारकशिळेवरच्या) हातातल्या बांगड्या मोजता येतात. मंदिराच्या अंधाऱ्या अंतराळात, म्हणजे गाभाऱ्यापुढच्या दालनात, तोच पर्याय निरुपयोगी ठरतो, कारण प्रत्येक बारीक बिंदूला मिळणारा प्रकाश अगदीच तुटपुंजा असतो. आयफोन २४ मेगापिक्सेलचे चित्र आपोआप देतो आणि मागितल्यास ४८ मेगापिक्सेलचे. ज्याला पर्याय शोधत बसायचे नाही, त्याच्यासाठी ही व्यवस्था अधिक शहाणपणाची आहे. दगडाच्या रंगाबाबतही मी आयफोनला झुकते माप देईन. काळ्या दगडाचा करडेपणा आणि त्यावरच्या शेवाळाचा मंद हिरवा रंग तो डोळ्यांना दिसतो त्याच्या अधिक जवळ ठेवतो. सॅमसंग पूर्वीइतका भडक राहिलेला नाही, पण शेंदूर दिसला की त्याला अजूनही उत्साह येतो.

शिलालेखासाठी मात्र कोणत्याही लेन्सपेक्षा उजेडाची दिशा महत्त्वाची असते. झिजलेली अक्षरे समोरून प्रकाश टाकल्यास नाहीशी होतात. तोच प्रकाश अगदी तिरका, दगडाला घासून जाईल असा बाजूने टाकला, की प्रत्येक खाचेत सावली भरते आणि ओळ वाचता येऊ लागते. आम्ही एका फोनचा टॉर्च लावून दुसऱ्याने चित्र घेतो, आणि प्रकाश डावीकडून, उजवीकडून व वरून टाकत एकाच ओळीची तीन-चार चित्रे काढतो. या कामात दोन्ही फोन एकमेकांचे प्रतिस्पर्धी राहत नाहीत. चित्र पुढे संगणकावर सुधारण्यासाठी कच्ची (रॉ) फाइल दोघेही देतात. आयफोनमध्ये ती प्रो-रॉ या नावाने मूळ कॅमेऱ्यातच मिळते, तर सॅमसंगमध्ये साधी कच्ची फाइल कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये मिळते, पण तिचा पूर्ण लाभ घ्यायचा तर एक्स्पर्ट रॉ हे वेगळे अ‍ॅप घ्यावे लागते. घाईच्या वेळी एकाच जागी सर्व काही असणे बरे, हे इथे नोंदवले पाहिजे.

बारवेत उतरल्यावर तराजू दुसऱ्या बाजूला कलतो. साताऱ्याजवळच्या लिंब येथील बारा मोटेची विहीर पुष्कळांनी पाहिली असेल. विरुबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली ही अष्टकोनी विहीर सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची आहे, आणि तिच्यावर एकाच वेळी बारा मोटा (बैलांनी ओढून पाणी उपसण्याच्या चामडी पिशव्या) चालत म्हणून तिला हे नाव मिळाले. अशी वास्तू एका छायाचित्रात पकडता येत नाही. पायऱ्या, कमान, आतला महाल, वरची थारोळी (मोटेचे पाणी ओतण्याच्या जागा) आणि खालचे पाणी यांचा परस्परसंबंध चालत जाऊन घेतलेल्या चित्रफितीतच कळतो, आणि चित्रफितीत आयफोन निर्विवादपणे पुढे आहे. पायऱ्या उतरताना बसणारे हिसके तो गिळून टाकतो. वरच्या लख्ख उजेडातून खालच्या काळोखात जाताना उजेडाचा बदल हळुवार करतो. एका लेन्सवरून दुसरीवर जाताना रंग फारसा बदलू देत नाही. सॅमसंगच्या चित्रफितीही उत्तम आहेत, पण या तीन गोष्टी एकाच वेळी साधण्यात तो थोडा मागे राहतो. आयफोन १६ प्रो मॅक्स फोर-के चित्रफीत सेकंदाला १२० चौकटींच्या (फ्रेमच्या) वेगाने घेतो आणि त्याला चार ध्वनिग्राहक आहेत. चित्रण झाल्यावर ऑडिओ मिक्स वापरून वाऱ्याचा किंवा आसपासचा गोंगाट कमी करून बोलणाऱ्याचा आवाज पुढे आणता येतो. गावातल्या जाणत्या माणसाकडून विहिरीची हकीकत ऐकताना मागे ट्रॅक्टर सुरू असतोच, त्यामुळे ही सोय केवळ शोभेची नाही. एका वृद्ध आजींनी मोटेवरची ओवी म्हणून दाखवली, ती चित्रफीत भाचीच्या फोनमध्ये आहे आणि मी ती पुन्हा पुन्हा ऐकतो.

आयफोनची याहून मोठी जमेची बाजू म्हणजे त्याच्या पाठीवरचा लायडार. हे यंत्र अदृश्य प्रकाश टाकून समोरच्या पृष्ठभागाचे अंतर मोजते, आणि योग्य अ‍ॅप वापरल्यास देवकोष्ठ (मूर्तीसाठी भिंतीत केलेला कोनाडा), वीरगळ किंवा पायऱ्यांची रांग यांचे त्रिमितीय प्रतिरूप काही मिनिटांत तयार होते. त्याचा पल्ला सुमारे पाच मीटरचा आहे, म्हणून अख्खी विहीर त्यात मावत नाही, आणि बारीक कोरीवकामही त्यातून उमटत नाही. त्यासाठी चहूबाजूंनी शेकडो छायाचित्रे घेऊन ती संगणकावर जोडण्याची पद्धतच खरी. परंतु पायरीची उंची किती, देवकोष्ठ किती खोल, अशी मापे घेण्यासाठी टेप धरायला दुसरा माणूस लागत नाही. सॅमसंगच्या या फोनमध्ये लायडारसारखी सोय नाही. केवळ वास्तूंची मापे घेणे हाच ज्याचा हेतू असेल, त्याने पुढचे न वाचता आयफोन घ्यावा.

मी स्वतः मात्र सॅमसंग सोडणार नाही, आणि त्याचे कारण लेखणी हे आहे. फोनच्या खालच्या कडेतून ती बाहेर काढली, की पडदा बंद असतानाही त्यावर थेट लिहिता येते. शिळेसमोर उकिडवे बसून आराखडा काढणे, छायाचित्रावरच चौकटींना खालून वर क्रमांक देणे, शंका असलेल्या अक्षराभोवती वर्तुळ करून शेजारी “ल की ळ?” असे लिहून ठेवणे ही कामे बोटाने होत नाहीत. वहीत केलेली टिपणे आणि फोनमधली चित्रे यांची सांगड घालताना पूर्वी माझी रात्र जात असे. आता चित्र आणि टिपण एकाच पानावर असतात. आयफोनवर अ‍ॅपलची पेन्सिल चालतच नाही. ती केवळ आयपॅडसाठी आहे. एस२५ अल्ट्राच्या लेखणीतून सॅमसंगने ब्लूटूथ काढून टाकले आहे, याचे मात्र वाईट वाटते. मागील अल्ट्रामध्ये फोन तिवईवर लावून लेखणीचे बटण दाबले, की दुरून चित्र घेता येत असे. आता टायमर लावावा लागतो किंवा कॅमेऱ्यासमोर तळहात दाखवावा लागतो. ज्यांच्या कामात तिवई रोज लागते, त्यांनी ही उणीव लक्षात घ्यावी.

मराठीच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही कंपन्यांनी पुष्कळ वाट चालली आहे. सॅमसंगचा फोन सर्व मेनूंसह मराठीत वापरता येतो, हे अनेकांना जुन्या फोनपासून माहीत आहे. आयफोनने आपल्या वापरकर्त्याला ही सोय देण्यास फार वेळ लावला. २०२५ च्या वसंतात आलेल्या आयओएस १८.४ पासून मराठी ही तिथे यंत्रणेची भाषा झाली. त्याआधी आयओएस १८ मध्येच वर्णक्रमाने मांडलेला मराठी कळफलक आणि बंद पडद्यावर देवनागरी अंकांत वेळ दाखवण्याची सोय आली होती. इंग्रजीत मराठी मिसळून केलेल्या विनंत्याही सिरीला समजतात. सॅमसंगमध्ये बाजूचे बटण दाबून धरले की गुगलचे जेमिनाय उघडते, आणि त्याच्याशी मराठीत बोलता येते. मी त्याचा उपयोग तिथी आणि संवत्सर यांच्या पहिल्या तपासणीसाठी करतो, मात्र त्याचे उत्तर पंचांगाशी ताडून पाहिल्याशिवाय नोंदवहीत घेत नाही आणि इतरांनीही घेऊ नये. शिलालेखाचे वाचन या यंत्रांवर सोपवण्याची वेळ अजून आलेली नाही.

बॅटरीविषयी थोडक्यात सांगता येईल. सॅमसंगची क्षमता ५००० एमएएच आहे. अ‍ॅपल आपल्या नेहमीच्या माहितीपत्रकात हा आकडा देत नाही. सलग चित्रफीत पाहण्याचे कंपन्यांचे दावे अनुक्रमे ३१ आणि ३३ तासांचे आहेत, आणि सकाळी सहाला निघून रात्री आठला परतण्याच्या आमच्या दिवसाला दोन्ही फोन पुरतात. चार्जर दोघांच्याही खोक्यात मिळत नाही. ४५ वॉटच्या चार्जरने सॅमसंग अर्ध्या तासात ६५ टक्क्यांपर्यंत, तर २० वॉट किंवा अधिक क्षमतेच्या चार्जरने आयफोन ३५ मिनिटांत ५० टक्क्यांपर्यंत भरतो, असे कंपन्या सांगतात. महत्त्वाची गोष्ट उन्हाची आहे. दोन्ही फोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरण्यासाठी बनवलेले आहेत, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे ही मर्यादा दुपारी सहज ओलांडतो. त्याहून अधिक उष्णतेत फोन स्वतःला वाचवण्यासाठी पडदा मंद करतो आणि चार्जिंग थांबवतो. सॅमसंगच्या आत उष्णता पसरवणारा बाष्पकक्ष आहे, आयफोन १६ प्रो मॅक्समध्ये तो नाही, त्यामुळे लांबलचक चित्रण करताना आयफोन सावलीत ठेवण्याची सवय लावून घ्यावी. पाण्याच्या बाबतीत उलट आहे: आयफोन सहा मीटर खोलीपर्यंत अर्धा तास, तर सॅमसंग दीड मीटरपर्यंत अर्धा तास तग धरेल असे प्रमाणित केलेले आहे.

चित्रे पुढे नेण्याच्या कामात दोघांच्या वेगवेगळ्या खोडी आहेत. यूएसबी-सी दोघांनाही आहे. आयफोनवरून तारेने सेकंदाला १० गिगाबिटपर्यंतच्या वेगाने माहिती हलवता येते आणि बाहेरच्या ड्राइव्हवर थेट चित्रणही करता येते. पण त्याची छायाचित्रे मुळात एचईआयसी या कमी जागा घेणाऱ्या फाइल-प्रकारात साठतात आणि गावच्या ग्रामपंचायतीतल्या जुन्या संगणकावर ती उघडत नाहीत. सेटिंगमध्ये जाऊन “मोस्ट कम्पॅटिबल” हा पर्याय एकदाच निवडला की प्रश्न मिटतो. फोन कोणताही असो, चित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठवू नयेत. तसे केल्यास ती दाबली जातात आणि त्यांच्यातली ठिकाणाची नोंद पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर मूळ रूपात पोहोचतात. ठिकाणाच्या नोंदीसाठी आयफोन इतर उपग्रहांबरोबर भारताच्या ‘नाविक’ या उपग्रह-दिशादर्शक प्रणालीचाही उपयोग करतो, ही समाधानाची बाब आहे.

किमतीचा विचार केल्यास भारतात आल्या वेळी २५६ जीबीच्या आयफोन १६ प्रो मॅक्सची किंमत १,४४,९०० रुपये आणि तेवढ्याच क्षमतेच्या एस२५ अल्ट्राची १,२९,९९९ रुपये होती. दोघांतही मेमरी कार्डाला जागा नाही, म्हणून आमच्यासारख्या वापराला ५१२ जीबीचाच फोन घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे हे आकडे त्या वेळी अनुक्रमे १,६४,९०० आणि १,४१,९९९ होते आणि अंतर वाढून जवळजवळ तेवीस हजारांवर जात होते. तेवढ्या पैशांत चांगली तिवई, दोन दिवे आणि बाहेरची हार्ड डिस्क येत असे. सॅमसंगने सात वर्षे नव्या आवृत्त्या आणि सुरक्षा-सुधारणा देण्याचे वचन दिले आहे. अ‍ॅपलने भारतात असा आकडा दिलेला नसला तरी २०१८ च्या आयफोन एक्सएसला २०२४ चे आयओएस १८ मिळाले, हा इतिहास बोलका आहे. दुरुस्तीची सोय मात्र राहण्याच्या ठिकाणावर अवलंबून आहे. सॅमसंगची सेवाकेंद्रे जिल्ह्याच्या आणि अनेक तालुक्यांच्या गावी सापडतात, तर अ‍ॅपलसाठी बहुतेकांना शहर गाठावे लागते.

एक शेवटची सूचना दोन्ही फोनसाठी सारखीच लागू आहे. या दोघांपैकी एकाच्याही अंगाला दोरी ओवण्यासाठी भोक नाही. बारवेच्या पायऱ्यांना कठडा नसतो, शेवाळ असते आणि खाली पाणी असते. गळ्यात अडकवायच्या दोरीचे मजबूत कव्हर तीन-चारशे रुपयांत मिळते. ते फोनबरोबरच, त्याच दुकानातून घ्यावे आणि पहिल्या पायरीवर पाऊल ठेवण्याआधी गळ्यात घालावे.